शिकणं दिसत नाही: संशोधक विद्यार्थ्याचं सादरीकरण ऐकताना

विद्यापीठाच्या विभागात संशोधक विद्यार्थी आपलं काम मांडायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात पंधरा-वीस मिनिटं असतात. त्याआधीची दोन-तीन वर्षं शाळांच्या परवानग्या मिळवण्यात, पालकांची संमतीपत्रं गोळा करण्यात, उत्तरपत्रिका तपासण्यात आणि आकडेमोडीत गेलेली असतात. पुढच्या रांगेत मार्गदर्शक आणि विभागातले प्राध्यापक, मध्ये बरोबरीचे विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत कधीकधी विषय ऐकून कुतूहलाने आलेले एखादे शाळाशिक्षक किंवा पालक. पडद्यावर ‘पी’, ‘अल्फा’, ‘परिणामाचा आकार’ असे शब्द यायला लागले की शेवटच्या रांगेतला माणूस हळूहळू गप्प होत जातो. हे मला फार खटकतं, कारण संशोधन त्याच्याच वर्गाबद्दल आणि त्याच्याच मुलांबद्दल चाललेलं असतं. त्या शब्दांमागचे प्रश्न मुळात अवघड नसतात. ते उलगडून सांगावेत म्हणून हा लेख.

शैक्षणिक मानसशास्त्र म्हणजे माणूस कसा शिकतो, काय लक्षात ठेवतो, कशाने त्याला शिकावंसं वाटतं किंवा वाटेनासं होतं, आणि शिकवण्याच्या कोणत्या पद्धतीने यात फरक पडतो, याचा अभ्यास. या विषयाची एक खास अडचण आहे. आपण सगळेच शाळेत जाऊन आलेलो असतो, त्यामुळे गृहपाठ, परीक्षा, शाबासकी, शिक्षा यांबद्दल प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळला तर ‘हे तर माहीतच होतं’ वाटतं, आणि नाही जुळला तर ‘असं कसं असेल?’ वाटतं. दोन्ही वेळा ऐकायचं राहूनच जातं.

आपला अनुभव इथे किती फसवा असतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्वच्छ दिसतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. काय चुकलं, काय राहिलं, हेही त्यांना सांगितलं नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. वाचन जिंकलं, असंच कोणीही म्हणेल. पण काहींची चाचणी आठवड्याने घेतली होती. तिथे वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर होते. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असं वाटतं, हे अभ्यासानंतर लगेच विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. ज्यांच्या लक्षात कमी राहणार होतं, त्यांनाच आपल्याला चांगलं आल्यासारखं वाटत होतं.

म्हणजे ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्गाने एका सुरात दिलेलं ‘हो’ पुरावा म्हणून फारसं उपयोगी नाही. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण शिकणं हे हातातलं काकण नव्हे. ते डोक्याच्या आत घडतं, शिकणाऱ्यालाही नीट दिसत नाही, आणि ते पाहायला कुठला ना कुठला आरसा लागतोच. संशोधक विद्यार्थ्याचं निम्मं काम हा आरसा घडवण्याचं असतं आणि सादरीकरण ऐकताना पहिली नजर त्यावरच जायला हवी.

कळलं, आलं, लक्षात राहिलं, जमलं

मराठीत ही चार क्रियापदं आहेत आणि चारही वेगवेगळी आहेत. शिक्षक फळ्यावर गणित सोडवत असताना मुलाला ते कळतं. घरी वही उघडून तसंच गणित सोडवता आलं, तर ते त्याला येतं. महिन्याने पुन्हा सोडवता आलं, तर लक्षात राहिलं. आणि वेगळ्याच रूपात समोर आलेल्या प्रश्नात हीच रीत वापरायची आहे हे ओळखून ती वापरली, तर जमलं. रोजच्या बोलण्यात आपण या सगळ्याला ‘शिकला’ म्हणतो. संशोधनात ते चालत नाही. ‘नव्या पद्धतीने मुलं अधिक चांगली शिकली’ असं वाक्य पडद्यावर आलं की यातलं नेमकं कोणतं, आणि ते कधी मोजलं, हे विचारायचं. तास संपल्यावर लगेच घेतलेली चाचणी बहुतेक वेळा पहिल्या दोघांपर्यंतच पोहोचते. वरच्या प्रयोगात रोडिगर आणि कार्पिक पाच मिनिटांवरच थांबले असते, तर निष्कर्ष बरोबर उलटा लागला असता.

मोजमापाच्या गुणवत्तेसाठी दोन शब्द येतात: विश्वसनीयता आणि वैधता. वजनकाटा रोज त्याच वस्तूचं तेच वजन दाखवत असेल तर तो विश्वसनीय. पण काटा मुळातच बिघडलेला असेल, तर तो रोज न चुकता तेच चुकीचं वजन दाखवेल. तो जे मोजायचं तेच मोजतो का, हा वैधतेचा प्रश्न. प्रश्नावली वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक सादरीकरणात ‘अल्फा ०.८५’ अशी एक ओळ असते. ली क्रोनबाख यांनी १९५१ च्या निबंधात रूढ केलेला हा आकडा प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. त्यावरून ‘प्रश्नावली चांगली आहे’ असं म्हणून पुढे जाणं ही नेहमीची पळवाट आहे. ‘मला अभ्यासाची भीती वाटते’ हेच वाक्य शब्द फिरवून आठ वेळा विचारलं तरी अल्फा उत्तम येईल, आणि भीतीबद्दल नवं काहीच हाती लागणार नाही. तसंच गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचं. त्यांची भाषा अवघड असेल तर ती चाचणी गणिताइतकीच वाचनाचीही होते, आणि वाचनात मागे असलेलं मूल गणितात कच्चं ठरतं.

म्हणून सादरकर्त्याने आपल्या चाचणीतला निदान एक खरा प्रश्न पडद्यावर दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. ‘आकलन चाचणी, ३० गुण’ या शब्दांतून काही कळत नाही. तोच एक प्रश्न वाचला की शेवटच्या रांगेतल्या शिक्षकालाही ताबडतोब समजतं की इथे पाठांतर मोजलंय की आकलन.

कशाच्या तुलनेत?

समजा, एक विद्यार्थिनी आठवून लिहिण्याच्या याच कल्पनेवर काम करते आहे. आठवीच्या वर्गात दर आठवड्याला विज्ञानाच्या तासाची शेवटची दहा मिनिटं मुलांनी पुस्तक मिटून, शिकलेलं आठवून लिहायचं. सुरुवातीच्या चाचणीत वर्गाची सरासरी १०० पैकी ४२ आणि तीन महिन्यांनंतर ५५. तेरा गुणांची वाढ! टाळ्या वाजवण्याआधी विचार करू. या तीन महिन्यांत मुलं तीन महिन्यांनी मोठी झाली, शाळेत इतर विषय शिकली, काहींनी शिकवणी लावली. चाचणी तीच असेल तर प्रश्न ओळखीचे झाले. यातल्या प्रत्येक गोष्टीने गुण वाढू शकतात. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अशा पर्यायी कारणांची जी पद्धतशीर मांडणी केली, ती संशोधनपद्धतीच्या अभ्यासात आजही शिकवली जाते.

त्यातलं एक कारण इतकं चकवणारं आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. समजा तिने सगळा वर्ग न घेता चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली वीस मुलंच निवडली, कारण मदतीची गरज त्यांनाच जास्त. हेतू चांगलाच आहे. पण परीक्षेतल्या गुणांत मुलाला येणारा भाग असतो, तसा त्या दिवसाच्या योगायोगाचाही असतो. कोणाला ताप होता, कोणी रात्री जागलं होतं, कोणाचे नेमके न वाचलेले प्रश्न आले. सर्वांत तळाशी गेलेल्या वीस जणांत त्या दिवशी नशिबाने दगा दिलेली मुलं जास्त असणार. पुन्हा चाचणी घेतली की तो दगा सगळ्यांना पुन्हा बसत नाही, आणि काहीही न शिकवता त्यांची सरासरी वर सरकते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. याच कारणाने वर्गातल्या पहिल्या वीस जणांची सरासरी पुढच्या चाचणीत किंचित खाली येते, आणि लोक म्हणतात, ‘हुशार मुलं गाफील राहिली.’ ‘कच्च्या मुलांसाठी उपक्रम’ अशा शीर्षकाच्या कामात तुलनेचा गट नसेल तर किती वाढ उपक्रमाची आणि किती या परतण्याची, हे सांगायची सोयच उरत नाही.

म्हणून नियंत्रित गट, म्हणजे नवा उपक्रम न मिळालेला तुलनेचा गट, लागतो. तिथेही विचारायचं की त्या गटाने त्या दहा मिनिटांत केलं काय? पहिल्या गटाला विज्ञानाची दहा मिनिटं जादा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाहीत, तर आपण आठवून लिहिण्याची परीक्षा केली की जादा वेळेची? चांगल्या आखणीत दुसरा गट तीच दहा मिनिटं तोच धडा पुन्हा वाचतो. गट कोणता, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं असलं तर उत्तम, कारण त्यामुळे हुशारी, घरची परिस्थिती, आवड या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या विभागल्या जातात, आपल्याला न सुचलेल्या गोष्टींसकट. पण शाळेत वर्ग आधीच पडलेले असतात. मुख्याध्यापक एखादी तुकडी देतील. चिठ्ठ्या टाकून मुलांची अदलाबदल ते करू देणार नाहीत.

इथेच विद्यार्थ्यांच्या कामातली मला सर्वांत जास्त आढळलेली चूक सुरू होते. ‘अ’ तुकडीत नवी पद्धत, ‘ब’ तुकडीत जुनी, प्रत्येकीत चाळीस मुलं, आणि स्लाइडवर लिहिलेलं असतं: नमुना ८०. पण शिताची परीक्षा भाताला लागू पडते ती सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात म्हणून. एका पातेल्यातली चाळीस शितं चाचपली तरी कळतं ते एकाच भाताबद्दल. एका वर्गातल्या चाळीस मुलांना तेच शिक्षक, तेच वेळापत्रक, तोच गोंगाट आणि तीच मैत्री लाभलेली असते. दोन तुकड्यांतला फरक पद्धतीचा की शिक्षकाचा, हे दोनच तुकड्यांवरून सांगता येत नाही.

याचं साधं गणितही आहे. मुलांच्या गुणांमध्ये जो एकूण फरक दिसतो, त्यातला पाचवा हिस्सा वर्गावर्गांमधला आहे असं धरू. शालेय गुणांच्या बाबतीत शाळाशाळांमधला फरक या सुमाराचा निघणं काही जगावेगळं नाही. प्रत्येक वर्गात ४० मुलं. आता १ मध्ये (४० वजा १) गुणिले ०.२ मिळवायचे. उत्तर ८.८. एकाच वर्गातल्या सारखेपणामुळे माहितीचं वजन इतक्या पटींनी घटतं. दहा वर्गांतली ४०० मुलं घेतली तर ४०० भागिले ८.८, म्हणजे साधारण ४५. चारशे मुलांकडून जमवलेली माहिती, स्वतंत्रपणे निवडलेल्या पंचेचाळीस मुलांच्या माहितीइतकीच वजनदार! म्हणून त्याच वर्गांतली मुलं वाढवण्यापेक्षा वर्गांची संख्या वाढवणं जास्त उपयोगी पडतं. प्रबंधाच्या मुदतीत चाळीस वर्ग मिळवणं एकट्या विद्यार्थ्याला जवळपास अशक्य असतं, हे मला मान्य आहे. तशा वेळी दोन तुकड्यांचं काम करावं, पण त्यातून निघणारं विधान त्या दोन तुकड्यांएवढंच ठेवावं.

आणखी एक प्रश्न इथेच विचारायला हवा. नवी पद्धत शिकवली कोणी, आणि उत्तरपत्रिका तपासल्या कोणी? बहुतेकदा दोन्ही कामं त्या विद्यार्थिनीनेच केलेली असतात. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थल आणि कर्मिट फोड यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवण्यासाठी उंदीर दिले. काहींना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार जातीचे आहेत, काहींना सांगितलं की मंद जातीचे. प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस निघाली. विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम घडवलं असं मानायची गरज नाही. मनातली अपेक्षा उंदराला हाताळण्यात, धीर धरण्यात, नोंदी घेण्यात नकळत उतरते. जिथे उंदरांच्या बाबतीत असं होतं, तिथे आपल्याच कल्पनेवर जीव जडलेल्या संशोधिकेसमोर मुलं असताना काय होईल? उपाय साधा आणि कमी खर्चाचा आहे. उत्तरपत्रिकांवरची नावं आणि गट झाकायचे आणि त्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायच्या.

‘पी’ आणि फरक किती

आता ज्या स्लाइडवर बहुतेकांचं लक्ष उडतं ती: ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून फरक सार्थ.’ ‘पी’चा अर्थ असा. समजा दोन पद्धतींत खरोखर काहीच फरक नाही. तरीही योगायोगाने गुणांत थोडाफार फरक येणारच. आपल्याला जेवढा फरक दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे ‘पी’. गृहीतक खरं असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. हा गैरसमज इतका पसरला की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये ‘पी’चा अर्थ काय आणि काय नाही, याबद्दल अधिकृत निवेदन काढावं लागलं. ‘पी’ ०.०५ च्या खाली आला की फरकाला ‘सार्थ’ म्हणतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा. पण या शब्दानेही घोटाळा होतो. भरपूर मोठा नमुना घेतला तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थ ठरतो. तो फरक कोणाच्या उपयोगाचा आहे का, हा प्रश्न वेगळाच.

त्यासाठी परिणामाचा आकार पाहतात. दोन गटांच्या सरासरीतला फरक, गुणांच्या नेहमीच्या पसाऱ्याने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचा. उत्तर ०.२ आलं तर नव्या पद्धतीतलं सरासरी मूल जुन्या पद्धतीतल्या शंभरांपैकी सुमारे ५८ जणांच्या पुढे असतं. काहीच परिणाम नसता तर ते ५० जणांच्या पुढे असतं. जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा असे ढोबळ टप्पे सुचवले होते आणि विद्यार्थी ते अगदी नियमासारखे वापरतात. पण शाळांमध्ये, चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या प्रयोगांत ०.८ जवळपास दिसतच नाही. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेऊन शैक्षणिक उपक्रमांसाठी वेगळे टप्पे सुचवले: ०.०५ पेक्षा कमी तो लहान, तिथपासून ०.२ पर्यंत मध्यम, आणि ०.२ च्या पुढे मोठा. म्हणून एखादा विद्यार्थी ०.१५ दाखवून ओशाळला तर त्याला धीर द्यावा, आणि कोणी १.६ दाखवून खूश झाला तर मोजमाप कसं केलं हे बारकाईने विचारावं.

मोठ्या आकड्याची एक गोष्ट संशोधक विद्यार्थ्यांच्याच कामातून आली आहे. १९८४ मध्ये शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी एक निबंध लिहिला. एका शिक्षकाने एकाच मुलाला किंवा अगदी दोन-तीन मुलांना शिकवलं, आणि एक घटक पक्का झाल्यावरच पुढचा घेतला, तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं, असा त्यातला दावा होता. परिणामाचा आकार २. हा आकडा जगभर गाजला आणि शिकवणाऱ्या संगणक प्रणालींचं तर ते ध्येयच होऊन बसलं. त्याचा मुख्य आधार होता जोअॅन अनानिया आणि आर्थर बर्क या ब्लूम यांच्या दोन विद्यार्थ्यांचे डॉक्टरेटचे प्रबंध. पुढे २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी वैयक्तिक शिकवणीवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम ०.७९ निघाला. हाही मोठाच, पण दोनच्या निम्म्याहून कमी. त्यांनी एक बारकावाही दाखवून दिला. ब्लूम यांच्या मांडणीत वैयक्तिक शिकवणीतल्या मुलांना पुढच्या घटकाकडे जाण्यासाठी लागणारे गुण, घटक पक्का करत पुढे जाणाऱ्या वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त ठेवलेले होते. म्हणजे फरक केवळ शिकवणीचा नव्हता, ‘पक्कं’ कशाला म्हणायचं याचाही होता. पुन्हा तोच प्रश्न: कशाच्या तुलनेत?

याच्या दुसऱ्या टोकाला २०१९ चा, ‘नेचर’मध्ये आलेला डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. बुद्धी वाढवता येते, हा विचार अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवला गेला, एक तासाहूनही कमी वेळेच्या ऑनलाइन उपक्रमातून. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत (ती तिथे साधारण चारपैकी मोजतात) ०.१ अंकाची वाढ झाली. ऐकायला अगदीच किरकोळ. पण तासाभराच्या आत, जवळजवळ विनाखर्च आणि मुळात मागे असलेल्या मुलांसाठी झालेली ही वाढ किरकोळ म्हणता येईल का? मला तरी येत नाही. आकडा किती मोठा हे खर्च, वेळ आणि कोणासाठी यांवरून ठरतं.

काहीच फरक पडला नाही तर

ज्या विद्यार्थ्याच्या प्रयोगात काहीच परिणाम आढळला नाही, तो बहुधा पडेल आवाजात बोलतो. मार्गदर्शकही कधीकधी ‘आणखी एखादं विश्लेषण करून बघ’ असं सुचवतात. हे धोक्याचं आहे. वीस वेगवेगळ्या तुलना केल्या तर खरा फरक कुठेही नसताना निव्वळ योगायोगाने सरासरी एखादी सार्थ निघते. मग तीच ठळक अक्षरांत येते आणि उरलेल्या एकोणीस मागे पडतात. कोणती तुलना मुख्य, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून जाहीर केलेलं असेल तर हा मोह टळतो. पूर्वनोंदणी म्हणतात ती हीच.

नव्याचा हव्यासही यात भर घालतो. मॅथ्यू मेकेल आणि जोनाथन प्लकर यांनी २०१४ मध्ये शिक्षणशास्त्रातल्या आघाडीच्या शंभर नियतकालिकांचा सगळा इतिहास पाहिला. त्यांतले जेमतेम ०.१३ टक्के लेख आधीचा अभ्यास पुन्हा करून पाहणारे होते. हजारात एक किंवा दोन. अशा क्षेत्रात एखाद्या विद्यार्थिनीने गाजलेला प्रयोग दुसऱ्या वयोगटात, दुसऱ्या भाषेत काळजीपूर्वक करून पाहिला आणि ‘इथे तो परिणाम दिसला नाही’ असं सांगितलं, तर विभागाने तिचं काम दुय्यम मानू नये. नमुना पुरेसा होता का, मूळ पद्धत नीट पाळली का, एवढं विचारावं आणि पुढे काय करता येईल यावर तिच्याशी बोलावं.

पडदा आणि बोलणं

शैक्षणिक मानसशास्त्राचं सादरीकरण हा स्वतःच एक पाठ असतो, आणि लोक पाठ कसा घेतात याबद्दल या विषयाला पुष्कळ माहिती आहे. नवी माहिती एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची आपली क्षमता फार तोकडी आहे. नेल्सन काउअन यांनी २००१ मध्ये ती साधारण चार घटकांची असल्याचं मांडलं. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं की चित्र दाखवत तोंडी समजावताना तेच शब्द पडद्यावरही लिहिलेले असतील तर शिकणं बऱ्याचदा घटतं. डोळे वाचत असतात, कान ऐकत असतात, आणि दोन्हींचा मेळ घालण्यातच शक्ती जाते. हे माहीत असलेली माणसंच साठ आकड्यांचं कोष्टक पडद्यावर ठेवून परिच्छेद वाचून दाखवतात, तेव्हा वाईट वाटतं. कोष्टक प्रबंधात असू द्यावं. पडद्यावर एकच आलेख ठेवावा, त्यात प्रत्येक मुलाचा एक ठिपका, म्हणजे सरासरीबरोबर पसाराही दिसतो आणि नव्या पद्धतीने कोणाचं नुकसान झालं का, हेही.

परिषदेत संशोधन थोडक्यात मांडायला भिंतीवर लावतात त्या पोस्टरचंही असंच आहे. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याने बारीक अक्षरांनी भरलेल्या पोस्टरऐवजी मधोमध मुख्य निष्कर्ष मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत लिहायचा आराखडा सुचवला आणि तो झपाट्याने पसरला. त्यात मला एक धोका दिसतो. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाक्य पुराव्यापेक्षा मोठं व्हायला वेळ लागत नाही. ‘आठवून लिहिल्याने मुलं अधिक शिकतात’ यापेक्षा ‘दोन तुकड्यांत, तीन महिन्यांनंतर, आठवून लिहिणाऱ्यांना विज्ञानातले तपशील जास्त आठवले’ हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे.

मग प्रश्नोत्तरं. विद्यार्थ्यांना याच पाच मिनिटांची सर्वांत जास्त धास्ती असते आणि ती बऱ्याचदा प्रश्न विचारणाऱ्यांनीच निर्माण केलेली असते. स्वतःचं ज्ञान दाखवणारं तीन मिनिटांचं भाषण आणि शेवटी ‘याबद्दल तुमचं काय मत?’ हा प्रश्न नव्हे. चांगला प्रश्न छोटा असतो आणि त्याच्या उत्तराने निष्कर्ष बदलू शकतो. ‘तीन महिन्यांत किती मुलांनी प्रयोग सोडला आणि ती कोणत्या गटातली होती?’ एवढ्या एका वाक्याने कधीकधी सगळं चित्र पालटतं, कारण आठवून लिहिण्याचा कंटाळा आलेली मुलं गळाली असतील तर शेवटी उरलेला गट मुळातच जास्त चिकाटीचा होता. आणि उत्तर माहीत नसेल तर विद्यार्थ्याने ‘हे मी तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर अमुक नोंदी पाहाव्या लागतील’ असं सरळ म्हणावं. हे म्हणता येणं हीच संशोधक म्हणून तयारी झाल्याची खूण आहे, आणि परीक्षक ती ओळखतात.

मुलांच्या बाजूचा प्रश्नही कोणीतरी विचारायलाच हवा. पालकांच्या संमतीबरोबर मुलाला स्वतःला विचारलं होतं का? ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला त्या दहा मिनिटांत काय काम दिलं? पद्धत उपयोगी ठरली तर नियंत्रित गटातल्या मुलांना ती नंतर मिळाली का? यांची उत्तरं एका ओळीत देता येतात, पण ती ओळ आधी आखणीत असावी लागते.

वेळ संपत आल्यावर शेवटच्या रांगेतल्या शिक्षकांनी हात वर केला आणि विचारलं, ‘मग सोमवारी वर्गात मी काय करू?’ तर आपल्या त्या विद्यार्थिनीने काय सांगावं? माझ्या मते असं: ‘आठवून लिहिल्याने लक्षात जास्त राहतं, हे इतर अनेक प्रयोगांतही दिसलं आहे, त्यामुळे तासाच्या शेवटी दहा मिनिटं देऊन बघायला हरकत नाही. त्याला गुण देऊ नका, म्हणजे मुलांना धास्ती वाटणार नाही. सुरुवातीला मुलं म्हणतील की वाचूनच बरं लक्षात राहतं. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझं काम विज्ञानातल्या तपशिलांपुरतं आणि दोन तुकड्यांपुरतं आहे. निबंधलेखनात किंवा लहान वर्गांत याचा उपयोग होतो का, हे मी पाहिलेलं नाही. तुम्ही करून पाहिलंत तर महिन्याने एक छोटी चाचणी घ्या, आणि काय दिसलं ते मला कळवाल का?’